एवढी सुई होऊ दे

आमच्या माई आत्याला हाक मारली की पहिलं उत्तर येतं, “एवढी सुई होऊ दे.” ज्यांनी कधी सुया हातात धरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : सुई म्हणजे इथे विणकामाची एक ओळ. डाव्या सुईवरचे सगळे टाके विणून उजव्या सुईवर आले की एक सुई झाली. पाठ १२० टाक्यांची असली तरी सराईत हाताला तीन-चार मिनिटं पुरतात. एवढ्यावर भागलं असतं तर आतोबांचा चारचा चहा सव्वाचारला तरी झाला असता. पण आत्याच्या मांडीवर विणकाम असतं तेव्हा समोरच्या तिवईवर पुस्तकही उघडं असतं. सुई संपते तेव्हा पान अर्ध्यावर आलेलं असतं. मग, “एवढं पान होऊ दे.” पान संपतं तेव्हा पुढची सुई अर्धी झालेली असते, आणि अर्ध्या सुईवर विणकाम खाली ठेवलं की टाके निसटतात. सुई आणि पान एकाच वेळी संपण्याचा योग क्वचितच येतो. आलाच, तर नेमकं त्या पानाच्या शेवटच्या ओळीत कोणीतरी दार ठोठावलेलं असतं आणि ते कोण, हे पुढच्या पानावर असतं.

डोळे पुस्तकात, बोटं लोकरीत आणि कान स्वयंपाकघरात अशी तिची वाटणी आहे. पानं, टाके आणि कुकरच्या शिट्ट्या असे तीन हिशेब तिच्या डोक्यात एका वेळी चालतात आणि सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. एकदा मात्र तिने आतून मला ओरडून सांगितलं, “तीन उलट झाले, गॅस बंद कर.” मी केला. भात व्यवस्थित झाला होता.

प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, मंगल कार्यालयात पिशवीतून सुया काढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. आत्या त्यांतली नव्हे. तिला विणायला पुस्तक लागतं, पुस्तकाला तिवई लागते आणि तिवईला घर लागतं. त्यामुळे ती पक्की घरकोंबडी. २०१७ च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत ९० वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा साहित्य आपण होऊन दारापर्यंत आलंय म्हणून ती गेली. परत आल्यावर मी विचारलं, “भाषणं कशी झाली?” म्हणाली, “बरी झाली. एक अख्खी बाही उतरली. टाका एकही गळला नाही.”

ही निंदा होती. पुस्तक असो की भाषण, त्याचा दर्जा ती गळलेल्या टाक्यांवरून ठरवते. एकही टाका गळला नाही म्हणजे मजकूर बेतास बात. एखाददुसरा गळला तर वाचनीय. आतोबांचा एक करडा बिनबाह्यांचा स्वेटर आहे, त्याच्या डाव्या काखेखाली बोट जाईल एवढं भोक आहे. लग्नाकार्यात कोणी तिकडे बोट दाखवलं की आत्या शांतपणे सांगते, “ते भोक नाही, ते थेऊर आहे.” ‘स्वामी’ कादंबरीत माधवराव जातात आणि रमाबाई सती जातात, तिथे तीन टाके गळले. तिने डोळे पुसून मांडीकडे पाहिलं तोवर ते सहा सुया खाली पोचले होते. क्रोशाच्या सुईने ते वर उचलून घेता आले असते. तिने घेतले नाहीत. रणजित देसाईंना त्याबद्दल साहित्य अकादमी मिळालं ते नंतर कधीतरी कळलं, पण आमच्या घरात निकाल काखेखाली लागला होता.

‘स्वामी’ १९६२ ची. आत्याची कालगणना ख्रिस्तापासून सुरू होत नाही, १९६२ पासून होते. त्या वर्षी ती दहा वर्षांची होती आणि त्या एका वर्षात, तिच्या मते, जगात जे व्हायचं ते सगळं झालं. २२ जानेवारीला सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांवर उतरला. मुंबईचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. डोंबिवलीच्या घामट हवेत लोकरीचे ढीग कशाला, असं कोणी विचारलं तर आत्या हा आकडा तोंडावर मारते, दशांशासकट. “पुन्हा पडणार नाही कशावरून?” आतोबा आयुष्यभर जमाखर्च लिहीत आलेले, त्यामुळे नेमके. ते म्हणतात, “अगं, सांताक्रूझला पडलं होतं. डोंबिवलीला नव्हे.”

“डोंबिवलीला मोजलं होतं कोणी?”

यावर उत्तर नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनचं युद्ध पेटलं. सुती कपड्यांतले, कॅनव्हासच्या बुटांतले जवान हिमालयात उभे होते, आणि देशभर बायकामुली त्यांच्यासाठी स्वेटर, मफलर, मोजे विणायला बसल्या. आत्याच्या शाळेतही लोकर आली. बाईंनी टाके घालून दिले आणि सगळं सुलट विणायला सांगितलं. तिचा मफलर सुरू झाला चाळीस टाक्यांनी आणि संपला पन्नासच्या वर, म्हणजे गळ्याशी बारीक आणि टोकाला उपरण्याएवढा. तो तिने दिला. युद्ध महिन्याभरात थांबलं, पण आत्याचं थांबलं नाही. तो मफलर कोणाच्या गळ्यात पडला असेल, या विचारात आजही ती मध्येच सुई थांबवते, आणि मग स्वतःच ठरवून टाकते की तो माणूस नक्की रुंद खांद्यांचा असणार.

विणता विणता वाचायचं कसब मात्र तिला युद्धाने शिकवलं नाही, ते सासरने शिकवलं. १९७४ साली ती लग्न होऊन डोंबिवलीत आली. अडीच खोल्या, नऊ माणसं. त्या घराचा न लिहिलेला कायदा असा, की सून पुस्तक घेऊन बसली तर ती बसली आहे, आणि सून सुया घेऊन बसली तर ती काम करते आहे. बसलेल्या सुनेला कोणीही उठवू शकत होतं. काम करणाऱ्या सुनेला उठवायचं तर निदान कारण लागत होतं. आत्याने हे महिन्याभरात ओळखलं. लोकरीच्या ढिगाखाली ‘ययाति’ उघडं ठेवून वरून ती धाकट्या दिराची पाठ विणू लागली. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, “आमची सून दुपारची लवंडत नाही हो, सारखा हात चालू.” हात चालू होता हे खरंच होतं.

या वाचनाची किंमत सासरच्या माणसांनी मोजली. मे महिन्यातसुद्धा त्या घरात कोणाच्या ना कोणाच्या छातीला अर्धवट स्वेटर लावून माप बघितलं जात होतं. नणंदांच्या मुलांना दर बाळंतपणात टोपडं, अंगरखा आणि मोजे असा संच मिळायचा. ‘युगान्त’मधल्या लेखांचे मोजे झाले, कारण लेख आटोपशीर. दोन्ही दीर, आतोबा, खालच्या मजल्यावरचा लाँड्रीवाला, सगळ्यांना काही ना काही मिळालं. घामोळ्यांनी बेजार झालेला एक दीर शेवटी बदली मागून नाशिकला गेला. तिकडे तरी स्वेटर घालता येईल, असं तो म्हणाल्याचं आठवतं.

पुढे सासूबाई गेल्या, दीर वेगळे झाले, अडीचाच्या तीन खोल्या झाल्या आणि पुस्तक लोकरीखालून उघड तिवईवर आलं. सुया काही सुटल्या नाहीत. नुसतं वाचायला बसलं की तिला अपराध्यासारखं वाटतं. नुसतं विणायला बसलं की कंटाळा येतो.

पुस्तक निवडताना ती आधी लेखक बघत नाही. दुकानात असो की लायब्ररीत, पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवते आणि हात काढून घेते. उघडं राहिलं तर घ्यायचं, मिटलं तर परत. ‘मृत्युंजय’ जाडजूड, त्यातून लायब्ररीची प्रत हाताळून सैल झालेली, ती निमूट पडून राहते. नव्या कोऱ्या करकरीत पुस्तकांशी तिचं जमत नाही. त्यांना दोन्ही बाजूंनी कपड्यांचे चिमटे लावावे लागतात. कवितासंग्रह पातळ असतात, पण आक्षेप तो नव्हे. “कविता वाचताना हात थांबतो,” ती म्हणते, “मग स्वेटर कधी व्हायचा?” रहस्यकथेला साधी वीणच हवी, टाच वळवायला घेऊ नये, चार सुयांवरच्या मोज्याची टाच वळवताना टाके मोजावे लागतात आणि खुनी नेमका तेव्हाच सापडतो. भारी जाळीचं काम ती पुरस्कार मिळालेल्या आत्मचरित्रांसाठी राखून ठेवते.

वीण माणसाच्या मनाप्रमाणे घट्ट-सैल होते हे विणणाऱ्या कोणालाही विचारा. मन ताणलं की लोकर ताणली जाते. आत्याने विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ आपल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या आतेभावाच्या, स्वेटरवर वाचलं. उजवी बाही दिल्ली घेईपर्यंतची, ती अंगाला सैलसर. डावी बाही पानिपतच्या वेढ्यातली. सुया त्याच, दहा नंबरच्या. टाके तेवढेच. पण ती बाही मनगटातून आत जाईना. तेव्हापासून त्या स्वेटरला घरात डावा-उजवा न म्हणता दिल्ली-पानिपत म्हणतात.

त्या वाचनातूनच आत्याचा इतिहासाचा सिद्धांत तयार झाला. १४ जानेवारी १७६१ ला मराठे का हरले, याची कारणं इतिहासकार अजून शोधताहेत : तोफा, रसद, यात्रेकरूंचं लटांबर, आपसातली भांडणं. आत्याला ती सगळी मान्य आहेत, पण दुय्यम म्हणून. “उत्तरेतला पौषाचा महिना. लाखभर माणूस. आणि एकाच्या अंगात धड स्वेटर नाही!” नेपोलियन १८१२ मध्ये मॉस्कोहून परतताना का मेला... म्हणजे त्याचं सैन्य का मेलं, तर तेच. क्रिमियात १८५४ च्या हिवाळ्यात इंग्रज शिपाई गारठले, पण त्यांच्या बायका शहाण्या, त्यांनी टोप्या विणून पाठवल्या. आपली माकडटोपी ती तिथली. त्या लढाईचा सेनापती रॅग्लन, त्याच्या नावाची बाही अजून विणली जाते. जगातल्या किती सेनापतींच्या नावाची बाही आहे? असं विचारून ती आपल्याकडे अशा नजरेने बघते, की भाऊसाहेबांच्या नावाचं निदान एक कोपरं तरी असायला हवं होतं असं आपल्यालाही वाटू लागतं. मला स्वतःला हा सिद्धांत वरवर दिसतो तितका हास्यास्पद वाटत नाही. निदान पानिपतावर इतकी भाषणं ऐकली, त्यांत थंडीचा विचार करणारा माणूस विरळाच भेटला.

तर अशा बाईच्या घरी मी टाळेबंदीत अडकलो.

२४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवस घरात बसायची घोषणा झाली, तेव्हा सगळे टीव्हीपुढे उभे राहून ऐकत होतो. फक्त आत्या बसून होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “घरातच बसायचंय ना? मग एवढं काय?” तिचा तुच्छताभाव समजण्यासारखा होता. जे व्रत ती १९७४ पासून मुकाट्याने करत आली, ते आता सगळ्या देशाला सांगितलं जात होतं, आणि वर हातवारे करून. तिच्यापुरता प्रश्न फक्त एवढाच होता की लायब्ररीतून आणलेली दोन पुस्तकं परत कशी करायची.

पण तिच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. घरात बसणं तिला इतकी वर्षं साधलं, ते बाकीचे बाहेर जात होते म्हणून. एक ते चार ही तिची वेळ. आतोबा निवृत्त झाले तरी त्या वेळात नाना-नानी पार्कात पत्ते खेळत. आता आतेभावाचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर भरलं, वहिनीचं आतल्या खोलीत. मी गॅलरीत. आतोबांचा पत्त्यांचा डाव मोडला, वर्तमानपत्र यायचं बंद झालं आणि ते दिवसभर तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून राहिले. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, “काय वाचतेस?”

तिने भोळेपणाने सांगितलं. तिथे घात झाला.

आतोबांनी तेच पुस्तक ती झोपल्यावर वाचायला घेतलं. हिशेबाची वही मागून तपासायची सवय, त्यामुळे शेवटचं प्रकरण आधी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सातव्या प्रकरणात असताना ते म्हणाले, “तो धाकटा भाऊ काही जगत नाही बरं का.” आत्याने त्या दिवशी एक अक्षरही उच्चारलं नाही. त्या दिवशीची वीण मी पाहिली आहे. तिच्यातून पाणी गळलं नसतं.

त्यांना गुंतवण्यासाठी मग तिने त्यांना विणायला शिकवलं. हा उपाय रोगापेक्षा वाईट निघाला. त्यांनी चाळीस टाक्यांचा मफलर सुरू केला आणि दर सुईला टाके मोजून एका वहीत लिहायला सुरुवात केली : सुई क्रमांक, टाके, खूण. मफलर फूटपट्टीसारखा सरळ झाला. मग त्यांनी बसल्या बसल्या आत्याचं विणकाम तपासलं आणि पाठीत दोन टाके जास्त भरतात असं सांगितलं. “कुठून आले?” ते विचारत. “कादंबरीतून,” असं खरं उत्तर तिला देता येत नव्हतं.

तेवढ्यात लोकर संपली. भुसार दुकानं उघडी, दूध मिळत होतं, औषधं मिळत होती, पण लोकर काही जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत नव्हती. ती यादी करणाऱ्यांनी पानिपतापासून काही धडा घेतलेला नाही, असं आत्याचं मत पडलं. फुल बाह्यांच्या एका स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते. ती आणायची कुठून? तिने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर पंचेचाळीस वर्षांचे स्वेटर बाहेर आले, आणि उसवायला सुरुवात झाली.

हाताने विणलेला स्वेटर शिवणीतून सोडवून टोक सापडवलं की सरसर उसवत जातो. पण निघालेली लोकर वळ्यावळ्यांची, जुन्या टाक्यांची सवय न सोडणारी. तिची लड करायची, ती कोमट पाण्यात बुडवायची, खाली वजन अडकवून वाळत टाकायची, म्हणजे सरळ येते. मग लडीचा गुंडा. लड धरायला दोन हात लागतात, एकमेकांपासून फूटभर अंतरावर, तळवे समोरासमोर. घरात आता हातांना तोटा नव्हता.

एका दुपारी आतेभाऊ ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. तो बराच वेळ नुसता ऐकतोय, हात रिकामे आहेत, हे आत्याने हेरलं आणि टेबलाखालून त्याच्या हातांवर राणी रंगाची लड चढवली. बिचारा धरून बसला. आत्या खुर्चीआड स्टुलावर बसून गुंडा करत होती. पंधराएक मिनिटं सुखाने गेली. मग साहेबांनी त्यालाच प्रश्न विचारला. त्याचा माइक बंद. चालू करायला हात मोकळा नाही. त्याने दोन्ही हात लडीसकट वर उचलले आणि नाकाने बटण दाबायचा प्रयत्न केला. पलीकडचे बारा जण राणी रंगाच्या जाळ्यात सापडलेला आपला सहकारी आणि त्याच्या मागून हळूच वर येणारा गुंडा बघत राहिले. शेवटी आत्यानेच पुढे होऊन माइक चालू केला आणि साहेबांना म्हणाली, “एवढी लड होऊ दे, देते हं त्याला.” मीटिंगमधल्या एक बाई म्हणाल्या, “काकू, चार प्लाय आहे का?” पुढची दहा मिनिटं त्या कंपनीचं काम थांबलं होतं.

जे लोकरीचं तेच पुस्तकांचं. नवं मिळेना म्हणून तिने घरातलं जुनं पुन्हा काढलं. दिराच्या जुन्या पाठीतून निघालेली लोकर आणि त्याच्यावर वाचलेलं ‘ययाति’ दोन्ही एकदमच परत आली. एक गोष्ट मात्र ती उसवू देत नव्हती. थेऊरचा स्वेटर आतोबांनीच पुढे केला, “एवी तेवी भोकच आहे,” म्हणून. आत्याने तो त्यांच्या हातातून घेतला, घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. “तुम्हाला पुस्तकातलं काही कळत नाही,” म्हणाली.

१५ ऑक्टोबरला सरकारने वाचनालयं उघडायला परवानगी दिली. मास्क लावून आत्या ती दोन पुस्तकं घेऊन गेली. एका पुस्तकात चिमट्याचे वळ उमटले होते आणि दुसऱ्यात राणी रंगाचा धागा खुणेसाठी राहिला होता. ग्रंथपालांनी काही विचारलं नाही. त्यांच्या अंगात, डोंबिवलीच्या ऑक्टोबर हीटमध्ये, आत्याने दिलेली एक अर्धी बंडी होती.

आता दुकानं कधीच उघडली आहेत, लोकरीचे हवे ते रंग मिळतात. पण आत्याला उसवलेल्या लोकरीची चटक लागली आहे. ती नवी घेत नाही. नातेवाइकांचे स्वेटर संपले, शेजाऱ्यांचेही संपत आले, आणि पलीकडच्या इमारतीतले लोक हिवाळ्यात तिच्यासमोरून जाताना कुडकुडत का होईना, स्वेटर हातात दडवून जातात. म्हणून वाचकांना ही विनंती. तुमच्याकडे कोणाचा जुना स्वेटर पडून असेल तर तो द्यावा. रंग कोणताही चालेल. हाताने विणलेला हवा; मशीनचे बरेच स्वेटर कापून शिवलेले असतात, ते उसवले तर हातात नुसते तुकडे येतात. बदल्यात एक माकडटोपी मिळेल. माप कळवू नका, ती बघत नाही. टोपी विणताना कोणतं पुस्तक वाचावं एवढं मात्र सुचवायला हरकत नाही, पण ‘पानिपत’ सांगू नका. कानांना फार घट्ट बसते.